आयनद्रायूतील तरंगावर इलेक्ट्रॉन : लेसर-वेगवर्धनाचा इतिहास आणि चंद्रशेखर जोशी यांचे प्रयोग

प्रस्तावना

पदवी स्तरावरील भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत थॉमसन पद्धतीने इलेक्ट्रॉनाचा विद्युत प्रभार व वस्तुमान यांचे गुणोत्तर काढण्याचा प्रयोग बहुतेक महाविद्यालयांत आजही केला जातो. काचेच्या निर्वात नळीत साधारण एक हजार व्होल्टचा विभव दिला की पडद्यावर हिरवा ठिपका उमटतो. प्रस्तुत लेखकाच्या अध्यापनाच्या काळात एक प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारीत आला आहे : विभव असाच वाढवत नेला तर इलेक्ट्रॉन किती वेगाने जाईल? उत्तर निराशाजनक असते. एका मर्यादेनंतर ठिणगी पडते, आणि मग नळीही जाते व प्रयोगही.

विसाव्या शतकातील कणवेगवर्धकांचा इतिहास हा एका अर्थी या ठिणगीला वळसा घालण्याचा इतिहास आहे. धातूच्या पोकळ्यांमध्ये सूक्ष्मतरंग सोडून इलेक्ट्रॉनांना टप्प्याटप्प्याने ढकलण्याची पद्धती रूढ झाली. परंतु तेथेही दर मीटरला काही दशलक्ष ते फार तर शंभर दशलक्ष व्होल्ट एवढेच विद्युत क्षेत्र धातूच्या पृष्ठाला सोसते. त्यापुढे पृष्ठभागातूनच विद्युत विमोचन सुरू होते. म्हणून अधिक ऊर्जा हवी असेल तर लांबी वाढविणे हाच मार्ग उरतो. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे १९६६ मध्ये कार्यान्वित झालेला रेषीय वेगवर्धक सुमारे ३ किलोमीटर लांबीचा आहे, तो याच कारणाने.

लेसर आणि आयनद्रायू, म्हणजे ज्याला आपण वर्गात सर्रास प्लाझ्मा म्हणतो ते माध्यम, यांच्या साहाय्याने ही लांबी काही सेंटिमीटरवर आणता येईल अशी कल्पना १९७९ मध्ये मांडली गेली. तिला प्रयोगाचा आधार मिळवून देणाऱ्या शास्त्रज्ञांत अग्रणी ठरलेले चंद्रशेखर जनार्दन जोशी हे मूळचे वाईचे. प्रस्तुत शोधनिबंधाचा हेतू त्यांचे गौरवचरित्र लिहिण्याचा नाही. ही कल्पना सिद्ध मानली जाण्यासाठी सुमारे १४ वर्षे का लागली, त्या काळात नेमके काय सिद्ध करावयाचे होते, आणि त्या इतिहासाचा आपल्याकडील भौतिकशास्त्राशी संबंध कोणत्या वाटेने जोडला जातो, हे तपासणे हा येथील विषय आहे.

कल्पनेची पूर्वपीठिका

आयनद्रायूत अणू आधीच मोडलेले असतात. इलेक्ट्रॉन व आयन विलग होऊन एकत्र नांदत असतात. जे आधीच मोडले आहे ते विद्युत क्षेत्राने आणखी मोडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. ठिणगीची भीती नसलेले माध्यम म्हणून आयनद्रायूचा विचार सोव्हिएत शास्त्रज्ञ वेक्स्लर यांनी १९५६ मध्येच जिनेव्हा येथील परिसंवादात मांडला होता. मात्र आयनद्रायूत एवढे प्रचंड आणि सुव्यवस्थित विद्युत क्षेत्र निर्माण कसे करावयाचे, याचे साधन तेव्हा नव्हते. लेसरचा शोध १९६० चा.

१९७९ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील तोशिकी ताजिमा व जॉन डॉसन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ मध्ये एक लहानसा लेख प्रसिद्ध केला. त्यातील कल्पना नदीवरच्या दृश्याने सांगता येते. वेगाने जाणाऱ्या नावेमागे पाण्याची लाट उठते आणि ती लाट नावेच्याच वेगाने पुढे सरकते. येथे नाव म्हणजे लेसरचे अत्यल्पकालीन स्पंद आणि पाणी म्हणजे आयनद्रायूतील इलेक्ट्रॉन. स्पंद आपल्या दाबाने इलेक्ट्रॉनांना बाजूला सारतो. जड आयन जागच्या जागी राहतात. मागे राहिलेला धन प्रभार इलेक्ट्रॉनांना पुन्हा खेचतो. आणि अशा रीतीने प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास वेगाने धावणारा प्रभाराचा तरंग स्पंदामागे तयार होतो. या तरंगाच्या योग्य उतारावर सापडलेला इलेक्ट्रॉन घसरत घसरत ऊर्जा मिळवितो. दर घन सेंटिमीटरला १० चा १८ वा घात एवढी इलेक्ट्रॉन घनता असेल, तर तरंगातील विद्युत क्षेत्र दर सेंटिमीटरला सुमारे एक अब्ज व्होल्टपर्यंत जाऊ शकते, असे गणित सांगत होते. धातूच्या पोकळीपेक्षा हे हजार पटीने अधिक.

उपमेला मर्यादा आहेत. पाण्यातील लाट आपण पाहू शकतो, तर वरील घनतेच्या आयनद्रायूतील तरंगाची लांबी सुमारे ३० मायक्रोमीटर असते. ती लाट उठविण्यास स्पंदाचा कालावधीही तितकाच आखूड, सुमारे ५० फेम्टोसेकंद, असावा लागतो. १९७९ मध्ये एवढा अल्पकालीन आणि त्याच वेळी एवढा प्रबळ लेसर उपलब्ध नव्हता. ताजिमा व डॉसन यांनी म्हणून दुसरा पर्यायही सुचविला होता : किंचित भिन्न तरंगलांबीचे दोन लेसर एकाच वेळी सोडावेत, त्यांच्या विस्पंदांची वारंवारता आयनद्रायूच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली की तरंग हळूहळू वाढत जाईल. झोक्याला योग्य क्षणी हलके धक्के देत राहावे, तसा हा प्रकार. पुढील दशकातील प्रयोगांचा भर याच पर्यायावर राहिला.

वाई ते लॉस एंजेलिस

चंद्रशेखर जोशी यांचा जन्म १९५३ मध्ये वाई येथे झाला. वाई म्हटले की मराठी वाचकाला प्रथम आठवतो तो विश्वकोश. आणि आयनद्रायू, कणवेगवर्धक, शलाका हे आपण वर्गात बिचकत वापरतो ते शब्दही विश्वकोशाच्या पानांतूनच आपल्यापर्यंत आले. हा योगायोगच, त्यातून कार्यकारणभाव काढण्याचे कारण नाही. जोशी यांचे उच्च शिक्षण इंग्लंडमध्ये झाले : लंडन विद्यापीठाची पदवी १९७४ मध्ये आणि हल विद्यापीठाची पीएच.डी. १९७८ मध्ये. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत काही काळ काम करून १९८० मध्ये ते लॉस एंजेलिसला डॉसन यांच्या विद्यापीठात दाखल झाले.

त्यांचे क्षेत्र लेसर आणि आयनद्रायू यांच्या परस्परक्रियेचे होते. वेगवर्धकाच्या परंपरेत ते वाढलेले नव्हते. इतिहासाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची वाटते. आयनद्रायूचे अभ्यासक लेसर-संलयनाच्या प्रयोगांत उष्ण इलेक्ट्रॉन नेहमीच पाहत होते आणि ते त्यांच्या दृष्टीने उपद्रवी होते. इंधनगोळी दाबली जाण्यापूर्वीच ते तिला तापवीत. १९८१ मध्ये जोशी, ताजिमा, डॉसन आणि कॅनडातील सहकारी यांनी पातळ पत्र्यावर कार्बन डायऑक्साइड लेसर सोडून पुढच्या दिशेला निघणारे, दहा लक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टहून अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन नोंदविले. आधीच्या पिढीने ज्याला अस्थैर्य म्हणून टाळले, तेच येथे यंत्र म्हणून वापरण्याचा विचार सुरू झाला.

परंतु येथेच खरी अडचण होती. प्रबळ लेसरने कोणत्याही आयनद्रायूतून वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर पडतातच. रामन विकिरण, विविध अस्थैर्ये, नुसती उष्णता, यांपैकी काहीही त्याला कारणीभूत असू शकते. वेगवान इलेक्ट्रॉन दिसले म्हणून तरंगाने त्यांना वेग दिला हे सिद्ध होत नाही. वेगवर्धकांच्या तज्ज्ञांचा आक्षेप हाच होता, आणि तो रास्त होता. त्यांना हवे होते ते नियंत्रण : ज्ञात ऊर्जेचा इलेक्ट्रॉन आत जावा, आणि मोजलेल्या, वाढलेल्या ऊर्जेने बाहेर यावा.

प्रमाणाचा प्रश्न : १९८५ ते १९९५

जोशी यांच्या गटाने हा प्रश्न दोन पायऱ्यांत सोडविला. पहिली पायरी तरंग अस्तित्वात आहे हे दाखविण्याची. १९८५ मध्ये क्लेटन, जोशी, डॅरो व उमश्टाटर यांनी दोन तरंगलांबींच्या लेसरने उठविलेला तरंग दुसऱ्या एका लेसरच्या प्रकीर्णनाद्वारे प्रत्यक्ष मोजला. दरम्यान १९८४ मध्ये ‘नेचर’ मध्ये जोशी, मोरी, कॅटसुलियस, डॉसन आदींचा लेख आला होता. सिद्धांत, संगणकीय अनुकरण आणि प्रयोग ही तिन्ही अंगे एकाच विद्यापीठात नांदत होती, हे त्या गटाचे बलस्थान.

दुसऱ्या पायरीला आणखी आठ वर्षे लागली. १०.५९ आणि १०.२९ मायक्रोमीटर या दोन तरंगलांबींवर एकदम चालणारा कार्बन डायऑक्साइड लेसर. त्यांच्या विस्पंदाशी जुळणारी, दर घन सेंटिमीटरला १० चा १६ वा घात याहून किंचित कमी अशी आयनद्रायूची घनता. आणि बाजूला एक लहानसा नेहमीचा वेगवर्धक, जो २१ लक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन पुरवील. येथे तरंगाची लांबी सुमारे ०.३६ मिलिमीटर होती. एवढ्या जागेत, योग्य क्षणी, इलेक्ट्रॉनांची शलाका लेसरच्या नाभीशी नेऊन भिडवावयाची होती. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ९१ लक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत गेली होती, आणि ही वाढ सुमारे एका सेंटिमीटरमध्ये झाली होती.

आकड्यापेक्षा महत्त्वाच्या होत्या त्या नकारात्मक चाचण्या. एकाच तरंगलांबीचा लेसर सोडला असता वेगवर्धित इलेक्ट्रॉन मिळाले नाहीत. बाहेरून इलेक्ट्रॉन न सोडताही ते मिळाले नाहीत. त्यामुळे आयनद्रायूतीलच उष्ण इलेक्ट्रॉन फसवीत आहेत ही शंका दूर झाली. मापनाच्या उपकरणांत अर्धवाहक शोधकांच्या जोडीला विल्सन यांची बाष्पकोठीही होती. चुंबकीय क्षेत्रात वळणारा इलेक्ट्रॉनाचा माग डोळ्यांना दिसावा, हा हेतू. नव्वदच्या दशकात, इलेक्ट्रॉनिक शोधकांची रेलचेल असताना, सुमारे ८० वर्षांपूर्वीचे हे साधन पुन्हा काढावे लागले याचे विद्यार्थ्यांना सांगताना लेखकाला नेहमी समाधान वाटते. जुन्या उपकरणांच्या कपाटाकडे ते जरा आदराने पाहू लागतात.

१९९४ मध्ये त्याच गटाने ‘नेचर’ मध्ये पुढचा निष्कर्ष दिला : सुमारे २० लक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन सुमारे एका सेंटिमीटरमध्ये तीन कोटींच्या आसपास पोहोचले, आणि ते तरंगात खऱ्या अर्थाने अडकून त्याच्यासह वाहत गेले होते. १९९५ मध्ये इंग्लंडमधील रदरफर्ड प्रयोगशाळेच्या व्हल्कन लेसरवर जोशी यांच्या गटाच्या सहभागाने झालेल्या प्रयोगात बाहेरून इलेक्ट्रॉन सोडण्याचीही आवश्यकता राहिली नाही. तरंग एवढा उंच झाला की तो फुटला, आणि फुटताना आयनद्रायूतीलच इलेक्ट्रॉन त्याने उचलून ४.४ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेले.

शलाका म्हणजे काय?

या टप्प्यानंतरचा इतिहास लेसरच्या प्रगतीमुळे वेगाने पुढे सरकतो. रॉचेस्टर येथे डॉना स्ट्रिकलंड व जेरार मुरू यांनी १९८५ मध्ये शोधलेल्या तंत्राने, म्हणजे स्पंद आधी ताणून, मग वर्धित करून, शेवटी पुन्हा आकुंचित करण्याच्या तंत्राने, अत्यल्पकालीन व प्रबळ लेसर टेबलावर मावू लागला. या कार्यासाठी त्यांना २०१८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ताजिमा व डॉसन यांना मुळात हवा होता तो लेसर आता हाती आला होता.

तरीही २००४ पर्यंत एक उणीव कायम होती. बाहेर येणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा सर्व प्रकारच्या असत. काही थोड्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोठी, बहुतेकांची अल्प. अशा समूहाला शलाका म्हणणे म्हणजे यात्रेतल्या गर्दीला कवायतीची तुकडी म्हणण्यासारखे होय. सप्टेंबर २००४ मध्ये ‘नेचर’ च्या एकाच अंकात ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिका येथील तीन गटांनी जवळपास एकसारख्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉन शलाका मिळाल्याचे जाहीर केले. ऊर्जा सुमारे ७ कोटी ते १७ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. २००६ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे ३.३ सेंटिमीटर लांबीच्या केशनलिकेत एक अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट, तर २०१४ मध्ये ९ सेंटिमीटरमध्ये ४.२ अब्ज गाठले गेले. त्यानंतरच्या दशकात तेथेच ३० सेंटिमीटरमध्ये सुमारे १० अब्जांची मजल मारली गेली.

जोशी यांचे लक्ष या काळात दुसऱ्या वाटेकडेही वळले होते. लेसरऐवजी इलेक्ट्रॉनांचाच एक गट नाव म्हणून पुढे धाडावा, ही कल्पना १९८५ मध्ये चेन, डॉसन व सहकाऱ्यांनी मांडली होती. स्टॅनफर्डच्या त्याच ३ किलोमीटर लांबीच्या यंत्रातून निघालेली ४२ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टची शलाका ८५ सेंटिमीटर लांबीच्या लिथियमच्या आयनद्रायूतून नेली असता तिच्या शेपटातील काही इलेक्ट्रॉनांची ऊर्जा दुप्पट झाली. हा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन किलोमीटरांचे काम एका मीटरहून कमी अंतरात झाले, अशी त्याची वर्णने झाली. ती खोटी नाहीत. पण दुप्पट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन थोडे होते आणि पुढच्या बहुसंख्य इलेक्ट्रॉनांनी आपली ऊर्जा त्यासाठी गमावली होती, हे त्यांत बहुधा सांगितले जात नाही. मागून येणारा स्वतंत्र गट कार्यक्षमतेने वेगवर्धित करून दाखविण्यास २०१४ उजाडले. जोशी यांना २००६ मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीचे मॅक्सवेल पारितोषिक मिळाले आणि २०२३ मध्ये युरोपियन फिजिकल सोसायटीचे आल्फव्हेन पारितोषिक पिसिन चेन व जेम्स रोझेन्झ्वाइग यांच्यासह मिळाले.

मुंबईची निराळी वाट

डॉसन यांचा वारसा भारतात आणखी एका मार्गाने आला. प्रेधिमन कृष्ण काव यांनी तरुणपणी प्रिन्स्टन येथे डॉसन यांच्यासमवेत काम केले होते. प्रबळ लेसरच्या सापेक्षतावादी प्रसारणाविषयीचा त्या दोघांचा १९७० चा लेख आजही वाचला जातो. पुढे काव यांनी गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेची उभारणी केली. आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने प्रबळ लेसरचे प्रयोग सुरू केले तेव्हा सिद्धांताच्या बाजूने काव आणि त्यांचे सहकारी त्यांत सामील झाले.

कुलाब्याच्या या गटाने ऊर्जेच्या उच्चांकाच्या स्पर्धेत उतरण्याचे टाळले असे त्यांच्या प्रकाशित कामावरून दिसते. वायूऐवजी घन पदार्थावर लेसर सोडावा. तेथे निर्माण होणारे वेगवान इलेक्ट्रॉन कसे धावतात, ते किती चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात, हे मोजावे, हा त्यांचा भर. २००२ मध्ये त्यांनी अशा आयनद्रायूतील कोट्यवधी गॉसच्या अत्यल्पकालीन चुंबकीय क्षेत्रांचे मापन प्रसिद्ध केले. २००३ मध्ये धातूच्या अतिसूक्ष्म कणांचा थर दिल्यास क्ष-किरणांचे उत्सर्जन वाढते हे दाखविले. २०१२ मध्ये एका दिशेने उभ्या केलेल्या कार्बन नलिकांमधून प्रचंड इलेक्ट्रॉन प्रवाह सरळ नेता येतो हे सिद्ध केले. त्याच संस्थेतील एम. कृष्णमूर्ती यांच्या गटाने लक्ष्यावर जिवाणूंचा थर देऊन क्ष-किरण वाढविण्याचा प्रयोगही केला. लक्ष्याच्या रचनेत चातुर्य दाखवून लहान लेसरकडून मोठे काम करून घेणे, हे या साऱ्यांतील समान सूत्र होय. संस्थेच्या हैदराबाद केंद्रातून अलीकडे सूक्ष्म द्रवबिंदूंवर केवळ मिलिज्यूल ऊर्जेचे स्पंद सोडून दहा लक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या श्रेणीतील इलेक्ट्रॉन मिळविल्याचे वृत्त आले, तेही याच वळणाचे. इंदूर येथील राजा रामण्णा केंद्रात मात्र वायूच्या फवाऱ्यातील तरंग-वेगवर्धनाचे प्रयोग दहा टेरावॉटच्या लेसरने झाले.

‘टेबलावरील वेगवर्धक’ आणि आपण

लेसर-वेगवर्धकाविषयीच्या लोकप्रिय लेखनात ‘टेबलावर मावणारा वेगवर्धक’ हा शब्दप्रयोग हमखास येतो. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयासारख्या ठिकाणी किरणोपचारासाठी जो रेषीय वेगवर्धक वापरतात, त्यातील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा साधारण ६० लक्ष ते २ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. १९९४ मध्येच सेंटिमीटरभर आयनद्रायूने हा आकडा ओलांडला होता. मग रुग्णालयातील यंत्र अद्याप जुन्याच पद्धतीचे का, असा प्रश्न सहकारी विचारतात.

उत्तर असे की रुग्णालयाला लागते ती विशिष्ट मात्रा, आणि ती दररोज तंतोतंत तीच. तेथील यंत्र सेकंदाला शेकडो स्पंद देते आणि सकाळच्या रुग्णाला व सायंकाळच्या रुग्णाला एकसारखीच शलाका मिळते. बर्कलीचा पेटावॉट लेसर सेकंदाला एक स्पंद देतो. शिवाय अशा लेसरला पुरविलेल्या विजेचा अत्यल्प अंश प्रकाशात उतरतो, आणि त्याहूनही अल्प इलेक्ट्रॉनांत. आयनद्रायू खरोखरच टेबलावर मावतो. पण त्याच्यामागचा लेसर, वातानुकूलन आणि कंपनरहित पाया यांना दालने लागतात. २०२१ मध्ये शांघाय येथील गटाने लेसर-वेगवर्धित इलेक्ट्रॉनांनी मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर चालवून दाखविला, तेव्हा शलाकेच्या गुणवत्तेबाबतची मोठी शंका फिटली; सातत्याची फिटावयाची आहे.

हा तपशील प्राध्यापकवर्गासाठी अशाकरिता की प्रकल्प-प्रस्ताव लिहिताना ‘टेबलावरील’ हा शब्द मोहात पाडतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात असा लेसर येणार नाही, आणि तो न आल्यामुळे हा विषयच आपला नाही असे मानून तो अभ्यासक्रमातील अर्ध्या पानावर सोडला जातो. वास्तविक महाराष्ट्रात विद्यापीठीय वेगवर्धकाची परंपरा आहेच : पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातील ६० लक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या मायक्रोट्रॉनवर पदार्थविज्ञानाचे अनेक प्रबंध झाले. आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या, २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळालेल्या लायगो-इंडिया प्रकल्पाला लेसर, निर्वात तंत्र आणि प्रकाशीय मापन यांत हात बसलेले पदवीधर लागणारच आहेत. तो प्रकल्प निराळा असला तरी हस्तकौशल्य तेच.

शिवाय या विषयात शिरण्याची एक वाट लेसरशिवायही खुली आहे, आणि ती डॉसन यांनीच चोखाळली होती. आयनद्रायूतील तरंग एका मर्यादेपलीकडे फुटतो हे त्यांनी १९५९ मध्ये प्रभाराच्या पातळ पत्र्यांचे एकमितीय प्रतिमान वापरून दाखविले. त्या काळी असे प्रतिमान चालविण्यास मोठ्या संस्थेचा संगणक लागे. आज काही हजार पत्र्यांचे हेच प्रतिमान महाविद्यालयातील कोणत्याही संगणकावर काही मिनिटांत चालते. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रातील प्रकल्पाला ते पुरेसे आहे. प्रत्येक पत्र्याला समतोलाकडे ओढणारे बल, कालाचे छोटे अंतर, आणि आरंभी दिलेला एक धक्का, एवढेच लिहावयाचे. धक्का लहान असेपर्यंत आलेख साइन वक्राचा दिसतो. तो वाढवीत नेला की शिखरे टोकदार होऊ लागतात, आणि एका क्षणी मागचा पत्रा पुढच्या पत्र्याला ओलांडून जातो. तेथे सूत्र थांबते. १९९५ मध्ये रदरफर्डच्या प्रयोगात इलेक्ट्रॉन उचलले गेले ते अशाच ओलांडण्याच्या क्षणी.